करवीर पीठ व वेदोक्त वाद

कोल्हापूर (करवीर) संस्थानात १८९९ ते १९०५ या काळात छत्रपतींच्या घराण्यातील धर्मविधी कोणत्या मंत्रांनी करावेत, यावरून निर्माण झालेला संघर्ष आणि त्यात करवीरच्या शंकराचार्य पीठाला घ्याव्या लागलेल्या भूमिकेचा इतिहास. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात हा संघर्ष ‘वेदोक्त प्रकरण’ या नावाने ओळखला जातो. राजर्षी शाहू छत्रपती (१८७४–१९२२) आणि त्यांचे राजोपाध्ये यांच्यातील वाद म्हणूनच त्याचे वर्णन बहुधा केले जाते. तथापि वादाचे मूळ सिद्धांतात होते. सिद्धांताचा निर्णय देण्याचा परंपरागत अधिकार ज्या धर्मपीठाकडे होता, ते पीठही त्यात ओढले गेले. मंत्र कोणते म्हणावेत या प्रश्नापासून सुरू झालेली चर्चा, मंत्रांचा अधिकार ठरविणारा कोण, या प्रश्नावर आली आणि अखेरीस असा अधिकारी मुळात हवा काय, येथपर्यंत पोहोचली. या तीन पायऱ्यांमुळे या प्रकरणाला स्थानिक घटनेपलीकडचे महत्त्व आहे.

पीठाचे स्वरूप : करवीर पीठ हे संकेश्वर–करवीर या जोडनावानेही प्रसिद्ध आहे. संकेश्वर हे गाव कर्नाटक राज्याच्या बेळगाव जिल्ह्यात असून कोल्हापूर शहरातील मठ पंचगंगेच्या परिसरात आहे. हे पीठ शृंगेरीच्या परंपरेशी आपले नाते सांगते. पीठावर येणारे संन्यासी विद्यानृसिंह भारती, विद्याशंकर भारती अशी नावे धारण करीत. व्यवहारात मात्र ते पूर्वाश्रमीच्या गावावरून किंवा घराण्यावरून ओळखले जात. महाराष्ट्रातील ब्राह्मणवर्गाच्या आचारधर्मावर या पीठाची हुकमत चाले. एखाद्याने आचारभंग केल्यास त्याची चौकशी करणे, प्रायश्चित्त सांगणे, बहिष्कार घालणे वा उठविणे ही कामे पीठाच्या आज्ञेने होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही हा अधिकार नाममात्र झालेला नव्हता. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक आदी प्रतिष्ठितांविरुद्ध सनातनी मंडळींनी तक्रार केली, तेव्हा ती शंकराचार्यांकडेच गेली आणि त्यांनी नेमलेल्या शास्त्र्यांनी १८९२ मध्ये पुण्यात त्याची चौकशी केली. न्यायाधीशाच्या पदावर असणाऱ्या व्यक्तीलाही ज्या धर्मसत्तेचा निर्णय सहजासहजी डावलता येत नव्हता, तिचा सामाजिक दरारा यावरून लक्षात येतो.

या अधिकाराला एक व्यावहारिक बाजूही होती. मठाचा खर्च इनाम गावांच्या व जमिनींच्या उत्पन्नावर चाले आणि ही उत्पन्ने निरनिराळ्या राजसत्तांनी दिलेली होती. करवीर दरबारचे दान त्यांत महत्त्वाचे होते. पीठाचा शब्द शास्त्राच्या आधारावर उभा होता. पीठाचा संसार मात्र सनदांच्या आधारावर उभा होता. सामान्य काळात हे दोन आधार एकमेकांना पूरक ठरत. वेदोक्ताच्या वादात ते प्रथमच परस्परविरोधी झाले.

वादाचा सिद्धांत : धर्मशास्त्रानुसार ब्राह्मण, क्षत्रिय व वैश्य हे तीन वर्ण द्विज असून त्यांचे उपनयन, विवाह, श्राद्ध इ. संस्कार वेदमंत्रांनी होतात. हे वेदोक्त विधी. शूद्रांना वेदाचा अधिकार नसल्यामुळे त्यांच्यासाठी पुराणांतील श्लोकांचा उपयोग करून विधी सांगितले आहेत. हे पुराणोक्त विधी. वरवर पाहता हा केवळ पाठभेद वाटतो. प्रत्यक्षात यजमानाचा वर्ण जाहीर करणारे ते चिन्ह होते. ज्याच्या घरी पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणतो, त्याला तो शूद्र मानतो, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असे आणि ऐकणाऱ्यालाही.

याला जोडून आणखी एक मत प्रचलित होते. परशुरामाने आणि पुढे नंद राजांनी क्षत्रियांचा उच्छेद केला; त्यामुळे कलियुगात पहिला व शेवटचा असे दोनच वर्ण उरले, असे अनेक निबंधकार व शास्त्री मानीत. हे मत स्वीकारल्यास ब्राह्मणेतर असलेला प्रत्येक हिंदू शूद्र ठरतो, मग तो राज्य करणारा असो की नांगर चालविणारा असो. मराठा राजघराण्यांचा आक्षेप मुख्यतः या मतावर होता.

पूर्वेतिहास : हा प्रश्न कोल्हापुरात नव्याने निघालेला नव्हता. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी तो प्रथम ठळकपणे पुढे आला. काशीचा प्रसिद्ध पंडित गागाभट्ट याने भोसले घराण्याचे क्षत्रियत्व मान्य केले. मे १६७४ मध्ये महाराजांचे उपनयन झाले आणि ६ जून १६७४ रोजी रायगडावर वैदिक पद्धतीने राज्याभिषेक पार पडला. गागाभट्टाचे घराणे मूळचे पैठणचे. शूद्रांच्या धर्मकृत्यांवर शूद्रकमलाकर हा ग्रंथ लिहिणारा कमलाकरभट्ट हा त्याचा चुलता होता. शूद्रांचे धर्मविधी ज्या घराण्याने ग्रंथबद्ध केले, त्याच घराण्यातील पुढच्या पिढीच्या पंडिताने मराठा राजाला क्षत्रिय ठरवावे, यावरून धर्मशास्त्राची परंपरा एकसुरी नव्हती हे दिसून येते. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी निश्चलपुरी या तांत्रिकाच्या सांगण्यावरून महाराजांनी दुसरा, तांत्रिक राज्याभिषेकही करून घेतला.

पुढे पेशवाईत छत्रपतींची सत्ता नाममात्र झाली आणि त्यांच्या घराण्यातील विधीही पुराणोक्त पद्धतीने होऊ लागले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांनी हा अधिकार पुन्हा मागितला. त्यांच्या कारकीर्दीत १८३० च्या सुमारास साताऱ्यात या विषयावर शास्त्र्यांचा वाद झाला. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन हे विरोधी पक्षाचे प्रमुख होते. बडोद्यास सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९६ मध्ये राजवाड्यातील विधी वेदोक्त पद्धतीने सुरू केले. कोल्हापुरात वाद उभा राहिला, तेव्हा त्यामागे सव्वादोनशे वर्षांची पूर्वपीठिका होती.

कोल्हापुरातील आरंभ : शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतला. १८९९ च्या कार्तिक महिन्यात महाराज पंचगंगेवर स्नानास जात असत. त्या वेळी मंत्र सांगणारा पुरोहित स्वतः स्नान न करताच मंत्र म्हणतो आणि तेही पुराणोक्त, ही गोष्ट महाराजांसमवेत असलेले संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत (१८५१–१९०८) यांनी त्यांच्या नजरेस आणली. महाराजांनी विचारणा केली असता, शूद्रांना पुराणोक्त मंत्र सांगावे लागतात आणि त्यांसाठी स्नानाची आवश्यकता नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले, असे परंपरेने सांगितले जाते. भागवत हे स्वतः ब्राह्मण होते, हे येथे लक्षणीय आहे. वादाच्या दोन्ही बाजूंना ब्राह्मण विद्वान होते. त्यामुळे या प्रकरणाला केवळ दोन जातींमधील झगड्याचे रूप देणे वस्तुस्थितीला धरून होत नाही.

महाराजांनी प्रथम राजोपाध्यांकडे वेदोक्त विधींची मागणी केली. छत्रपतींच्या घराण्याचे पौरोहित्य वंशपरंपरेने राजोपाध्ये घराण्याकडे होते आणि त्याबद्दल त्यांना मोठे वतन होते. तत्कालीन वतनदार आप्पासाहेब राजोपाध्ये यांनी वेदोक्त विधी करण्याचे नाकारले. तेव्हा नारायण भट्ट सेवेकरी यांनी १९०१ मध्ये राजवाड्यातील धर्मकृत्ये वेदोक्त पद्धतीने चालविली. याबद्दल कोल्हापूरच्या ब्राह्मणवर्गाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. दरबाराने या प्रश्नाच्या विचारासाठी एक समिती नेमली. तिचा अभिप्राय १९०२ मध्ये महाराजांच्या बाजूने आला. त्यानंतरही राजोपाध्ये आपल्या निर्णयावर ठाम राहिल्यामुळे मे १९०२ मध्ये त्यांचे वतन जप्त करण्यात आले. वतन हे चाकरीबद्दल दिलेले असते, चाकरी नाकारल्यास वतन राहत नाही, ही दरबारची भूमिका होती. राजोपाध्यांनी याविरुद्ध ब्रिटिश सरकारकडे वरपर्यंत दाद मागितली. परंतु त्यांना यश आले नाही.

दोन्ही पक्षांचे युक्तिवाद : सनातन पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे होते : धर्मविधींचा अधिकार शास्त्राने ठरतो, राजाज्ञेने नव्हे, पुरोहिताला त्याच्या श्रद्धेविरुद्ध विधी करावयास लावणे हा अन्याय होय, आणि नकाराबद्दल वतन काढून घेणे ही धर्मात राजसत्तेची ढवळाढवळ होय. टिळकांनी ऑक्टोबर १९०१ मध्ये केसरीत या विषयावर दोन लेख लिहिले. वेदोक्त मंत्रांमुळे मराठ्यांच्या प्रतिष्ठेत भर पडते असे नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. सर्व समाजाने परकीय सत्तेविरुद्ध एकत्र यावे, असे प्रतिपादन करणाऱ्या नेत्याने या मागणीकडे अशा दृष्टीने पाहावे, याची खंत ब्राह्मणेतर समाजात दीर्घकाळ राहिली.

महाराजांच्या पक्षाचा युक्तिवाद दुहेरी होता. एक तर गागाभट्टाच्या निर्णयाने भोसले घराण्याचे क्षत्रियत्व सिद्ध झालेले आहे. तो निर्णय मागे घेण्याचा अधिकार नंतरच्या पुरोहितांना नाही. दुसरे असे, की ज्या राजाच्या वतनावर पुरोहिताचा निर्वाह चालतो, त्याच राजाला शूद्र लेखून तो विधी करतो, यात शास्त्रनिष्ठेपेक्षा वर्णाभिमान अधिक आहे. पुराणोक्त मंत्रांचे फळ वेदोक्ताइतकेच असेल, तर वेदोक्त म्हणण्यास अडचण काय, हा प्रतिप्रश्नही विचारला गेला. त्याचे समाधानकारक उत्तर सनातन पक्षाकडून मिळू शकले नाही. कारण अडचण फळाची नव्हती, श्रेणीची होती.

तथापि सनातन पक्षाच्या एका मुद्द्यात तथ्य होते. पुरोहिताच्या विवेकावर राजसत्तेने वतनजप्तीचा दाब आणला, हे नाकारता येत नाही. महाराजांच्या मागणीची न्याय्यता मान्य करूनही त्यांनी वापरलेल्या साधनाचा प्रश्न शिल्लक राहतो. तोच प्रश्न पुढे पीठाच्या बाबतीत अधिक तीव्रतेने उभा राहिला.

पीठापुढील पेच : वाद सुरू झाला तेव्हा करवीर पीठावर भिलवडीकर या नावाने ओळखले जाणारे स्वामी होते. पीठाचा कल सनातन पक्षाकडे होता. १९०३ मध्ये त्यांनी ब्रह्मनाळकर यांना शिष्य म्हणून स्वीकारून पीठाचे उत्तराधिकारी नेमले. हे करताना दरबारची संमती घेण्यात आली नाही. मठाचे इनाम संस्थानाने दिलेले असल्यामुळे उत्तराधिकाऱ्याच्या नेमणुकीस आपली मान्यता आवश्यक आहे, अशी दरबारची भूमिका होती. तिच्या आधारे मठाची उत्पन्ने जप्त करण्यात आली. कागदोपत्री हा वारसाचा व इनामाचा प्रश्न होता. परंतु वेदोक्ताच्या वादाचीच ही दुसरी आघाडी आहे, हे सर्वांना कळत होते.

पीठाची अवस्था कठीण झाली. वेदोक्ताचा अधिकार मान्य करावा, तर ज्या ब्राह्मणवर्गाच्या आचारधर्मावर पीठाची सत्ता चालते, तो वर्ग दुरावणार. अमान्य करावा, तर मठाचा चरितार्थ आणि नव्या स्वामींची मान्यता दोन्ही धोक्यात येणार. अखेरीस १९०५ मध्ये ब्रह्मनाळकर स्वामींनी महाराजांचे क्षत्रियत्व व वेदोक्ताचा अधिकार मान्य केला. पीठाच्या या निर्णयाने कोल्हापुरातील उघड विरोध ओसरला आणि वेदोक्त प्रकरण औपचारिक दृष्ट्या संपले.

हा निर्णय शास्त्रचर्चेतून झाला की जप्तीच्या दडपणातून, यावर मतभेद होणे स्वाभाविक आहे. गागाभट्टाच्या निर्णयाचा पूर्वाधार उपलब्ध असल्यामुळे पीठाला शास्त्रीय दृष्ट्या तो घेणे अशक्य नव्हते. परंतु तो वाद सुरू होताच न देता उत्पन्न जप्त झाल्यानंतर दिला गेला. त्यामुळे महाराजांना हवी असलेली मान्यता मिळाली, तरी ती देणाऱ्या पीठाचे वजन मात्र घटले. ज्याचा होकार दबावाने मिळतो, त्याच्या होकाराची किंमतही कमी होते, हा या प्रकरणातील विरोधाभास होय.

तुलना : धर्माधिकारी आणि राजसत्ता यांच्यातील असे पेच इतर धर्मांच्या इतिहासातही आढळतात. प्राचीन ख्रिस्ती धर्मसंघात कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याची नेमणूक ४२८ मध्ये सम्राट दुसरा थिओडोशियस याने केली होती. येशूची माता मेरी हिला ‘देवमाता’ म्हणावे की ‘ख्रिस्तमाता’, या एका पदवीवरून तो वादात सापडला. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल हा त्याचा प्रमुख प्रतिपक्षी होता. ४३१ मध्ये इफिसस येथे भरलेल्या धर्मपरिषदेने नेस्टोरियसला पदच्युत केले आणि सम्राटानेही अखेर आपला आश्रय काढून घेतला. पुढे त्याला ईजिप्तमध्ये हद्दपारीत राहावे लागले. तेथेही वरवर एका शब्दाचा दिसणारा प्रश्न प्रत्यक्षात ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या सिद्धांताचा होता; तेथेही धर्मपीठांमधील चढाओढ आणि राजसत्तेची मर्जी यांचा निर्णयावर परिणाम झाला.

दोन्ही घटनांत एक मूलभूत फरक आहे. ख्रिस्ती धर्मसंघात सिद्धांताचा निर्णय करण्यासाठी परिषद ही संस्था होती. तिचा निर्णय मान्य नसलेले समाज वेगळे झाले, तरी वादाला एक अधिकृत व्यासपीठ होते. हिंदू समाजात अशी सर्वमान्य परिषद नव्हती. पंडितसभा भरत; पण त्यांचा निर्णय बंधनकारक होण्यासाठी कोणा तरी सत्तेचे पाठबळ लागे. नेस्टोरियसच्या बाबतीत राजसत्तेने परिषदेचा निर्णय अमलात आणला. कोल्हापुरात राजसत्तेलाच परिषदेची जागा घ्यावी लागली. शिवाय तेथे वाद ईश्वराच्या स्वरूपाचा होता. येथे तो माणसाच्या दर्जाचा होता.

परिणाम : वेदोक्त प्रकरणाने शाहू महाराजांच्या विचारांना निश्चित दिशा दिली. छत्रपतीच्या घरी ही स्थिती, तर सामान्य कुणब्याची काय असेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. राज्यकारभारातील विषमता त्यांना आधीपासून दिसत होती. १८९४ मध्ये सामान्य प्रशासनातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण होते. प्रकरण ऐन भरात असताना, महाराज इंग्लंडमध्ये असताना, २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा हुकूम प्रसिद्ध झाला. धर्मविधींचा वाद आणि नोकऱ्यांचा प्रश्न हे दोन स्वतंत्र विषय असले, तरी जन्मावर आधारलेली मक्तेदारी हा दोहोंचा समान आशय होता.

धार्मिक क्षेत्रात महाराजांनी अनेक मार्ग चोखाळले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाची शाखा १९११ मध्ये कोल्हापुरात निघाली. भास्करराव जाधव तिचे अग्रणी होते. त्यांनी घरचा पुरोहित हे पुस्तक लिहून ब्राह्मण पुरोहिताविना विधी करण्याची सोय करून दिली. १९१८ मध्ये आर्य समाजाचे कार्य कोल्हापुरात सुरू झाले आणि १९१९ मध्ये राजाराम महाविद्यालयाची व्यवस्था आर्य समाजाकडे सोपविण्यात आली. वेदाचा अधिकार सर्वांना आहे, हे आर्य समाजाचे तत्त्व महाराजांना जवळचे वाटे. १९१९ मध्येच कानपूर येथील कुर्मी क्षत्रिय परिषदेत त्यांना ‘राजर्षी’ ही पदवी देण्यात आली. याच सुमारास करवीर पीठावर सुधारणावादी विचारांचे डॉ. लिंगेश महाभागवत कुर्तकोटी हे १९१७ मध्ये आले. त्यांना महाराजांचा पाठिंबा होता. परंतु हे संबंध फार काळ सलोख्याचे राहिले नाहीत आणि प्रस्थापित पीठाकडून अपेक्षित सुधारणा होईल, ही आशा महाराजांनी सोडली.

क्षात्रजगद्गुरू : १९२० मध्ये महाराजांनी क्षात्रजगद्गुरू हे नवे धर्मपीठ निर्माण केले. सदाशिवराव लक्ष्मणराव पाटील बेनाडीकर या सुशिक्षित मराठा तरुणाची त्यावर स्थापना करण्यात आली. भुदरगड तालुक्यातील पाटगाव येथील मौनी महाराजांच्या मठाची गादी या पीठाशी जोडण्यात आली. मौनी महाराज हे शिवकालीन सत्पुरुष असून शिवाजी महाराजांची त्यांच्यावर श्रद्धा होती. त्यामुळे नव्या पीठाला शिवछत्रपतींच्या परंपरेचा आधार मिळाला. मराठा पुरोहित तयार करण्यासाठी श्री शिवाजी क्षत्रिय वैदिक पाठशाळा सुरू करण्यात आली. मराठ्यांनी आपली धर्मकृत्ये या पीठाच्या अधिपत्याखाली मराठा पुरोहितांकडून करून घ्यावीत, अशी ही योजना होती.

योजनेमागील तर्क सरळ होता. जुन्या पीठाची मान्यता मिळविण्यासाठी संघर्ष करावा लागला. ती मिळाली तरी पुरोहितवर्गाची वृत्ती बदलली नाही. म्हणून मान्यता देणारे पीठच स्वतंत्र असावे. मात्र तत्कालीन ब्राह्मणेतर चळवळीतील सर्वांना ही योजना रुचली नाही. ईश्वर आणि भक्त यांच्यामध्ये मध्यस्थाची आवश्यकता नाही, ही फुल्यांची मूलभूत शिकवण होती. ब्राह्मण जगद्गुरूच्या जागी क्षत्रिय जगद्गुरू आणल्याने मध्यस्थ बदलतो, मध्यस्थी कायम राहते, असा आक्षेप सत्यशोधक दृष्टीतून घेता येत होता. ग्रामण्यांचा इतिहास लिहिणारे आणि महाराजांच्या निकट असलेले केशव सीताराम ठाकरे (प्रबोधनकार) यांनीही या पीठाच्या कल्पनेवर टीका केली. क्षत्रियत्वाचा आधार घेऊन मिळविलेला अधिकार क्षत्रिय म्हणून मान्य न होणाऱ्या जातींच्या कितपत उपयोगी पडेल, हा प्रश्नही होताच. महाराजांना या मर्यादेची जाणीव नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई करणारे हुकूम त्यांनी १९१९ मध्ये काढले आणि मार्च १९२० मध्ये माणगाव येथील परिषदेत डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नेतृत्वाचे स्वागत केले. क्षात्रजगद्गुरू पीठाची स्थापना आणि माणगाव परिषद या एकाच वर्षातील घटना होत. पहिलीत वर्णव्यवस्थेच्या चौकटीत राहून हक्क मिळविण्याचा प्रयत्न होता. दुसरी ती चौकट ओलांडणाऱ्या चळवळीची नांदी ठरली.

उत्तरकाल : शाहू महाराजांचे ६ मे १९२२ रोजी मुंबईत निधन झाले. राजाश्रयावर उभारलेल्या क्षात्रजगद्गुरू पीठाला महाराजांच्या पश्चात व्यापक अनुयायी मिळाले नाहीत. मराठा समाजातील बहुसंख्य कुटुंबे पूर्वीप्रमाणे ब्राह्मण पुरोहितांकडूनच विधी करून घेत राहिली. जुन्या पीठाची वाटचालही पूर्वीच्या मार्गाने झाली नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवला येथे धर्मांतराची घोषणा केल्यानंतर, अस्पृश्यांनी शीख धर्म स्वीकारावा या डॉ. बा. शि. मुंजे यांच्या योजनेला कुर्तकोटी यांनी अनुकूलता दर्शविली. तीन दशकांपूर्वी राजाच्या घरी वेदमंत्र म्हणावेत की नाहीत, यावर अडखळलेल्या परंपरेच्या एका आचार्याने अस्पृश्यांच्या धर्मांतराच्या चर्चेत भाग घ्यावा, हे काळाच्या बदलाचे द्योतक होय.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. पीठ आणि दरबार यांच्यातील जुन्या संबंधांचा राजकीय आधार त्यामुळे नाहीसा झाला. भारतीय संविधानाने व्यक्तीला धर्मस्वातंत्र्य आणि धर्मसंप्रदायांना आपला कारभार पाहण्याचे स्वातंत्र्य दिले. त्याचबरोबर सामाजिक सुधारणेसाठी कायदे करण्याचा अधिकार राज्याकडे ठेवला. पौरोहित्य हा वंशपरंपरागत हक्क आहे की सेवा आहे, हा वेदोक्त प्रकरणातील प्रश्न नव्या स्वरूपात न्यायालयांपुढे आला. पुजाऱ्याची नेमणूक ही धार्मिक नव्हे, तर ऐहिक स्वरूपाची कृती होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तमिळनाडूतील मंदिरांसंबंधीच्या खटल्यात म्हटले. पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ अन्वये तेथील बडवे–उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करण्यात आले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. कोल्हापूरच्या महालक्ष्मी (अंबाबाई) मंदिरात पगारी पुजारी नेमण्याची तरतूद करणारा कायदा राज्य विधिमंडळाने २०१८ मध्ये संमत केला. राजोपाध्यांचे वतन चाकरीचे की हक्काचे, या १९०२ मधील वादाशी या सर्वांचे नाते स्पष्ट आहे.

मूल्यमापन : वेदोक्त प्रकरणाकडे दोन टोकांच्या दृष्टींनी पाहिले गेले आहे. एका दृष्टीने ते राजाच्या वैयक्तिक मानापमानाचे प्रकरण होते. दुसऱ्या दृष्टीने ते सामाजिक क्रांतीचे पहिले पाऊल होते. पहिली दृष्टी अपुरी आहे. कारण राजाचा झालेला अवमान हा त्याच्या जातीचा, आणि त्याच तर्काने सर्व ब्राह्मणेतरांचा होता. दुसऱ्या दृष्टीलाही मर्यादा आहे. कारण क्षत्रियत्वाची मागणी वर्णश्रेणी नाकारीत नव्हती, श्रेणीतील वरचे स्थान मागत होती. तिचे महत्त्व तिने पुढे उघडलेल्या वाटेत आहे. आपण कोणत्या वर्णाचे, हे दुसऱ्याने ठरवू नये, एवढ्यावर महाराज आरंभी थांबले होते; वीस वर्षांनंतर, वर्णावरून माणसाचा अधिकार ठरूच नये, या भूमिकेच्या ते जवळ आले होते.

करवीर पीठाच्या दृष्टीने या प्रकरणाचा निष्कर्ष वेगळा आहे. सिद्धांताचा निर्णय देणाऱ्या संस्थेचे बळ तिच्या स्वातंत्र्यात असते. पीठाने शास्त्रातील उदार पूर्वाधार ओळखून आरंभीच निर्णय दिला असता, तर तो त्याचा स्वतःचा ठरला असता. ठामपणे नकार देऊन त्याची किंमत मोजली असती, तरी मतभेद असूनही त्याच्या निष्ठेचा आदर झाला असता. नेस्टोरियसने पद गमावले. पण त्याचे नाव एका विचारपरंपरेशी जोडले जाऊन टिकले. करवीर पीठाने गादी व उत्पन्न राखले. मात्र वर्णविषयक प्रश्नांवर अखेरचा शब्द देण्याचे त्याचे स्थान त्यानंतर पूर्ववत झाले नाही. महाराष्ट्रातील पुढच्या सामाजिक चळवळींनी आपल्या हक्कांची मागणी धर्मपीठांपुढे न मांडता कायदेमंडळे, न्यायालये आणि जनता यांच्यापुढे मांडली, यामागील कारणांपैकी हे एक होय.